रिलीव्हर

१

मला गेमचं व्यसन आहे असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, कारण मी एकही गेम धड खेळत नाही. नुसता चाखतो. लग्नाच्या पंगतीत काही माणसं प्रत्येक पदार्थाला बोट लावतात आणि भरलं ताट तसंच सोडून उठतात, त्यातली माझी जात.

नेटवर गेमचे गठ्ठे मिळतात, बंडल म्हणतात त्यांना. मोठ्या कंपन्यांचे गेम नसतात ते. कुठल्यातरी देशातला एकटा माणूस, कुठल्यातरी दोन मैत्रिणी वर्षभर खपून एखादा छोटा गेम करतात, आणि असे दहा-बारा एकत्र बांधून फुकटात जमा भावाने विकायला ठेवतात. दौंडहून जुना लॅपटॉप आणल्यापासून मी ही बंडलं घेतोय. एका गेममध्ये बेडूक गावभर पत्रं वाटतो. एकात रिकामं स्टेशन झाडायचं, गाडी येतच नाही. थोडा वेळ बघायचं, 'भारी केलंय गड्यानं' म्हणायचं आणि पुढचा उघडायचा. गंमत उघडण्यातच असते.

हे सगळं चालतं सकाळी. रांजणगावच्या एमआयडीसीत मी प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशीनवर आहे, कायम सेकंड शिफ्ट. जेवण करून फाट्यावर कंपनीची बस धरायची. बायको, करिश्मा, सकाळीच झेंडूच्या प्लॉटवर जाते, माल तोडून, क्रेट भरून जेवायच्या वेळेला घरी येते. मधल्या वेळात निमोण्याच्या त्या घरात मी आणि आई, दोघंच.

आई गोठ्यापुढं घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डोकं अगदी शाबूत, पण अंगात उठायचं बळ नाही. शिरूरच्या डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं होतं: वेळेवर खायला घाला, कूस बदला, रोज उठवून बसवा. खाल्लं तर पावसाळ्यापर्यंत काठी घेऊन चालेल. नाही खाल्लं तर कॉटवरून उठायची नाही.

माझी थोरली बहीण सुषमा, आमची अक्का, दौंडच्या रेल्वे कॉलनीत असते. ती म्हणत होती, आईला माझ्याकडं आणून सोड. मी म्हणालो, ल्योक जिता असताना लेकीच्या दारात कशाला? बोलायला काय जातं.

आई मधल्या खोलीतून हाक मारायची. मी पुढच्या खोलीत. एका कानावरचा हेडफोन सरकवून "आलो" म्हणायचो, आणि ते 'आलो' आणि माझं उठणं यांच्यामध्ये एक अख्खा गेम उघडून बंद व्हायचा.

२

तो गेम एका बंडलच्या तळाशी होता. नाव कुठल्यातरी अनोळखी लिपीत, चित्र म्हणून नुसता राखाडी चौकोन. उघडला तर एक खोली. शिसपेन्सिलीनं खरडल्यासारखी. खोलीत कॉट, कॉटवर एक म्हातारी बाई, आणि कॉटशेजारी उभा एक माणूस. तो माणूस म्हणजे मी. एवढं कळलं, कारण बाण दाबला की त्याची मान हलायची. बाकी काही होईना. त्याला कॉट सोडून जाताच येत नव्हतं.

मी बंद करणार, तेवढ्यात चित्रातलं दार उघडलं. दुसरा माणूस आत आला, कॉटच्या डाव्या अंगाला उभा राहिला, आणि त्यानं कॉटच्या दांड्यावर हात ठेवला. मग नुसता थांबून राहिला.

दुसरा कुणी असता तर त्याला यातलं काही कळलं नसतं. मला लगेच कळलं. आमच्या लाइनवर मशीन थांबत नाही. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय ऑपरेटरनं जागा सोडायची नाही, मग घरी आग लागली असली तरी. रिलीव्हर डाव्या अंगाला येतो, मशीनच्या गार्डवर, पुढच्या जाळीवर, हात ठेवतो, म्हणतो, "धरलं." जुना म्हणतो, "सोडलं." बिहारची पोरं पकडा-छोडा म्हणतात, अर्थ तोच. या दोन शब्दांनंतर मशीन दुसऱ्याचं. मग त्यानं परत सोडेपर्यंत तुम्ही त्याला बोटही लावायचं नाही. मारुतराव म्हणून आमचे सुपरवायझर आहेत, ते नव्या पोराला मशीन शिकवायच्या आधी हे शिकवतात.

तर कॉटवर हात ठेवून तो थांबलेला, आणि माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "सोडलं."

हेडफोनला माइक होता. चित्रातला माझा माणूस वळला आणि दारातून निघून गेला. मला हसू आलं. म्हटलं, भारी केलंय गड्यानं. आणि पुढचा गेम उघडला.

३

भानावर आलो तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलं होतं. आईला काहीच घातलं नव्हतं. करिश्मा दूध-भाकरी कुस्करून वाटी ताटलीखाली झाकून ठेवायची, ती तशीच. बराच वेळ आईची हाकही आली नव्हती. धावत मधल्या खोलीत गेलो.

आई भिंतीकडं तोंड करून निवांत पडली होती. सकाळी मी तिला दाराकडं तोंड करून निजवलं होतं. तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. आणि तिच्या केसांना तेल लावून, घट्ट वेणी घातलेली होती.

"आई, कुणी आलं होतं का?"

"कोन येतंय? तूच की व्हतास आत्तापत्तुर."

"जेवायचं राहिलंय तुझं."

"एवढं भरवलंस की लेका. पोट तट्ट झालंय."

मी स्वतःची समजूत घातली. करिश्मा पाणी प्यायला मध्येच आली असेल, तिनं वेणी घातली असेल. आईला झोपेत वाटलं असेल. करिश्मा दुपारी आली, आईच्या खोलीत डोकावली आणि म्हणाली, "अहो, वेणी लई छान घातली तुम्ही आत्यांची. मला वाटलं न्हवतं तुम्हाला येत असंल."

मी जेवायला बसलो. भरलेली वाटी तोपर्यंत मी मागच्या दारी कुत्र्यापुढं ओतली होती, तिनं विचारू नये म्हणून.

४

दुसऱ्या दिवशी तो गेम मी मुद्दाम उघडला. खोली तीच, बाई तीच. कॉटशेजारी तो दुसरा उभा. मी काहीही दाबलं तरी तो हलेना. माझा माणूस कुठं दिसेना. मग मी गेमची ती खिडकी पडद्यावर खाली सरकवून ठेवली आणि नवं बंडल काढलं.

त्या सकाळी आईनं एकदाही हाक मारली नाही. त्यानंतरच्या सकाळीही नाही. एकदा लॅपटॉप अपडेट होऊन सगळंच बंद पडलं, तर लगेच, "भारत, ए भारत." पुन्हा चालू केला, गेम उघडला, हाक थांबली.

भिंतीपलीकडून आवाज यायचे. वाटीवर चमच्याचा. गोधडी झटकल्याचा. कुणीतरी आईला उठवून बसवताना दोघांच्याही तोंडून निघणारा तो लहानसा हुंकार. गेमचेच आवाज असणार, मी स्वतःला सांगायचो, कान भरून हेडफोन लावलेत ना. एकदा हेडफोन काढून पाहिले. आवाज तसेच येत होते, उलट जास्त स्पष्ट.

माझ्या खुर्चीपासून मधल्या खोलीचं दार किती लांब? हात लांब केला तर चौकट लागेल. उठायला हवं होतं. मी हेडफोन परत चढवले. भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी होती. मला बरं वाटत होतं. कुणीतरी करतंय ना, मग करू दे.

दुपारी मी आत जायचो. आई स्वच्छ, नखं कापलेली, साडीच्या निऱ्या नीट. "जेवलीस?" "व्हय." आणि वाटी ताटलीखाली झाकलेली, जशीच्या तशी, दुधावर साय धरलेली. मी ती मागच्या दारी न्यायचो. खोटं कशाला बोलू, कोडं मला पहिल्या दिवशीच पडलं होतं. पण आई स्वतः पोट भरलं म्हणत होती, आणि ते मानून घेणं माझ्या सोयीचं होतं. कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं.

५

एकदा कंपनीत चहाच्या सुट्टीत अक्काचा फोन आला. तिचा आवाज भरून आला होता. म्हणाली, सकाळी आईशी निवांत बोलले. तूच फोन उचललास, तिच्या कानाला धरून बसलास, मध्येच तिला पाणी पाजलंस, मला सगळं ऐकू येत होतं.

"भारत, म्या तुला लई बोलले रं. मनात व्हतं, ह्यो पोरगा आईचं काय करनार. पन माझ्या हातनं बी झालं नसतं येवढं तू करतोस. आता न्हाई आईला न्यायचं नाव काढनार."

मी "बरं" म्हणालो. आईचा फोन मी सकाळी हातातही घेतला नव्हता. आत्ता सांगितलं तर अक्का उद्याच्या गाडीनं येईल, आईला घेऊन जाईल, हे मला समोर दिसत होतं. आणि तेच आईच्या भल्याचं होतं. पण कुणी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला चांगला मुलगा म्हटलं, की ते परत करायला हात धजावत नाही. चहा गार होईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.

६

आईच्या बांगड्या सैल झाल्यात हे पहिल्यांदा करिश्माला दिसलं. मनगटावरच्या बांगड्या आईनं हात वर केला की सरळ कोपराशी जायच्या.

"अहो, आत्या नीट खातात ना?"

"खाते की."

"मग अंगाला कुठं लागतंय?" तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. संशय नव्हता तिच्या नजरेत, नवऱ्यावरचा भरवसा होता. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

रोज संध्याकाळी ती भरवायला बसायची, तेव्हाही हल्ली घोटभर दूधच जायचं. आई तोंड मिटून घ्यायची. म्हणायची, माझं झालंय, भारत घालतो मला, त्याच्या हातचंच ग्वाड लागतं. माझ्या लक्षात आलं, गेले कित्येक दिवस आई तृप्त आहे आणि तिच्या पोटात घोटभर दुधापलीकडं काहीच गेलेलं नाही. गेममधला तो तिचं सगळं करत होता. वेणी, कूस, नखं, फोन. माझ्यापेक्षा शंभर पटीनं नीट. फक्त त्याच्या वाटीत काही नसावं.

माझी आई मरायला टेकली होती, आणि ते मला बांगड्या बघून कळलं.

७

तो गेम मी पुसून टाकला. सगळी बंडलं पुसली. आईनं हाक मारली तसा पहिल्या हाकेला वाटी घेऊन आत गेलो. तिनं माझ्या खांद्यावरून मागं दाराकडं पाहिलं.

"तू नगं. त्याला धाड."

"आई, कुणाला? मी भारत."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडं केलं. मी कामावर खाडा केला; ती दिवसभर हाका मारत राहिली, आणि दर हाकेला मी समोर उभा. भारत म्हणायची आणि माझ्या आरपार बघायची. मी रडलो, हात जोडले, चमचा ओठाला लावला. दूध हनुवटीवरून ओघळलं. दुसऱ्या दिवशीही तेच. शिरूरला नेलं, सलाइन लावलं, डॉक्टर म्हणाले, बाटलीवर माणूस किती दिवस काढणार, काही करून पोटात जाऊ द्या.

अक्काला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. तिला काय सांगणार होतो? करिश्माला तरी काय?

विचार करत पुढच्या खोलीत बसलो, तेव्हा मारुतरावांचं शिकवणं आठवलं. मशीन माझ्या नावावर नव्हतंच. मी सोडलं होतं, आणि ज्यानं धरलं त्यानं अजून सोडलं नव्हतं. त्याला मी नुसता हाकलून दिला होता. शिफ्ट अशी बदलत नाही.

मी ते बंडल पुन्हा उतरवून घेतलं.

८

सकाळचीच वेळ. खिडकीतून प्लॉटवर वाकलेली करिश्मा दिसत होती. राखाडी खोली पडद्यावर आली. बाई होती, कॉटशेजारी तो नव्हता. मधल्या खोलीतली हाक मात्र अर्ध्यावर थांबली.

हेडफोन टेबलावर ठेवले. वाटी घेतली आणि चौकटीत जाऊन उभा राहिलो.

कॉटशी तो पाठमोरा होता, अंगात माझ्या कंपनीचा निळा शर्ट. पाठ वाकलेली. मानेवर, केस संपतात तिथं, माझी लहानपणची खूण, जी मी स्वतः कधी पाहिलेली नाही, फक्त आईनं सांगितलेली. तो चमचा वर न्यायचा, आई लहान लेकरासारखं तोंड उघडायची, चावायची, गिळायची. चमचा कोरडा होता. तिच्या गळ्याची हाडं वरखाली होत होती आणि चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला बघवेना.

तो वळला नाही. त्यानं वळू नये एवढंच मी मनात म्हणत होतो.

तरी कॉटच्या डाव्या अंगाला गेलो. नजर खाली, फरशीवर. कॉटच्या दांड्यावर हात ठेवला.

"धरलं," मी म्हणालो.

चमच्याचा आवाज थांबला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. मला वाटलं, सोडणार नाही हा. इतक्या मायेनं करणारा कशाला सोडेल? माझ्या कानाच्या उंचीवर कुणीतरी श्वास घेतला. शिफ्ट संपताना माझा आवाज जसा दमलेला असतो, तसाच आवाज आला.

"सोडलं."

मान वर केली तेव्हा कॉटशेजारी मी एकटा होतो.

घास कालवला. निम्मं सांडलं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. खाल्लं. खरोखरचं, दुधात भिजलेलं, चावून गिळलं. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मी लहान पोरासारखा रडत होतो आणि भरवत होतो. ती वाचणार होती. बाकी काही कळत नसलं तरी एवढं मला कळत होतं.

"रडू नगंस, बाबा," आई म्हणाली. "लई करतोस तू माझं. कुनाचा कोन, पन पोटच्या पोरावानी करतोस."

"आई, मीच भारत."

ती मायेनं हसली. परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं.

"भारत भाईर बसलाय न्हवं का. त्याला सवड कुठं हाय."

मी दाराकडं पाहिलं. चौकटीतून पुढच्या खोलीचा तुकडा दिसत होता. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. पाठ माझ्याकडं. कानांवर हेडफोन, केसांच्या कडेनं पडद्याचा निळसर उजेड. बोट मध्येच हलत होतं.

"भारत," आईनं हाक मारली. तिच्या आवाजात राग नव्हता, सवय होती.

मग मीही मारली. माझंच नाव, मोठ्यानं. पुन्हा मारली. खुर्चीतला माणूस हलला नाही. पडद्यावरचा उजेड बदलला, एक काहीतरी बंद होऊन दुसरं उघडलं. उठून जावं, त्याच्या खांद्याला धरून हलवावं असं वाटलं. पण कॉटच्या दांड्यावरचा माझा हात सुटेना. धरायला अजून कुणी आलं नव्हतं.

आईनं वाटीकडं बोट दाखवलं.

"सकाळधरनं काय खाल्लं न्हाई त्यानं," ती म्हणाली. "मला पुरं झालं. ऱ्हायलेलं त्याला ठेव."

मी वाटीत चार घास राखून ठेवले.